दुवा तुटला, तरी लेख असतो

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ची. लातूर जिल्ह्यातील महाविद्यालयेही त्याच्याच कक्षेत येतात. वर्ल्ड वाइड वेब तेव्हा नुकतेच बाळसे धरत होते. मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठाकडे नियतकालिकांच्या बांधीव खंडांचा जो दीर्घ वारसा आहे, तो इथे असणे शक्यच नव्हते. म्हणून पडद्यावरील दुवा कितपत भरवशाचा, हा प्रश्न या भागात निव्वळ तांत्रिक राहत नाही.

इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत २००४पासून देशातील विद्यापीठांना आणि २०१०पासून ‘एन-लिस्ट’द्वारे महाविद्यालयांना ई-नियतकालिके मिळू लागली. जानेवारी २०२५मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना आली. वाचनाचा हक्क असा वाढत गेला. परंतु हक्क असणे आणि हवा तो लेख समोर उघडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

संदर्भावरून लेखापर्यंत नेणारी यंत्रणा बेल्जियममधील गेंट विद्यापीठात हर्बर्ट व्हान डी सोम्पेल यांनी १९९०च्या दशकाअखेरीस विकसित केली. तिच्यातून ‘ओपन-यूआरएल’ पद्धत रूढ झाली. नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड, पृष्ठ ही माहिती दुव्यातून जाते. यंत्रणा ती ग्रंथालयाच्या यादीशी ताडून लेखाचा पत्ता तयार करते. नोंद चुकीची वा यादी जुनी असली, की वाट खुंटते. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चेच पाहा. १९४९मध्ये ते ‘इकॉनॉमिक वीकली’ म्हणून निघाले. आजचे नाव १९६६चे. १९५५चा लेख कोणी आजच्या नावाने नोंदवला, तर यंत्रणा तो चुकीच्या यादीत शोधत राहील.

२०००मध्ये सुरू झालेल्या ‘क्रॉसरेफ’च्या डीओआय क्रमांकांनी बरीच स्थिरता आणली. पत्ता बदलला तरी क्रमांक तोच राहतो. मात्र नवा पत्ता कळवण्याचे काम प्रकाशकाचे. त्याने कळवलाच नाही, तर क्रमांकही निरुपयोगी. शिवाय मराठीतील कितीतरी जुन्या नियतकालिकांना असा क्रमांकच नाही.

खरा धोका पुढे आहे. शेजारच्या कपाटात छापील खंड असेल, तर तुटलेल्या दुव्याने वाचकाचा वेळ तेवढा जातो. तो नसेल, तर ‘लेख सापडला नाही’ याचा अर्थ ‘या विषयावर लेखनच झालेले नाही’ असा लावला जातो आणि प्रबंधात तसा निष्कर्षही उतरतो. म्हणून प्रबंधाच्या संदर्भात केवळ दुवा देऊन भागत नाही; लेखक, नियतकालिकाचे तत्कालीन नाव, वर्ष, खंड आणि पृष्ठही लिहावे. एवढे असले, तर ग्रंथपाल तो लेख दुसऱ्या ग्रंथालयातूनही मागवू शकतो.