निरोप पोचला, असे कधी म्हणायचे?

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी भाऊबीजेला संपत नाही, तेव्हा ती खरी सुरू होते. गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार चालते, नाटके होतात. गोंदिया जिल्ह्यातले बिरसी हे माझे गाव. इथल्या मंडईच्या माझ्या आठवणींत बाबूजी मात्र नाहीत. ते पोलीस दलात बिनतारी यंत्रचालक होते. गावोगावच्या मंडईचा बंदोबस्त म्हणजे त्यांच्या यंत्राला उसंत नसण्याचे दिवस. घरी आले की एवढेच सांगत, “निरोप गेला म्हणजे पोचला नव्हे. समोरच्याने उलट वाचून दाखवला, वेळ लिहिली, नाव लिहिले, मग पोचला.”

इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. पोलिसांचा इतिहास आपण कायदे, आयोग आणि गाजलेले तपास यांच्या आधारे लिहितो. पण दलाच्या आतल्या आत निरोप कसा फिरत आला, तळातल्या माणसाचा शब्द वरपर्यंत कसा गेला किंवा मध्येच कुठे अडला, हाही एक इतिहास आहे. त्याची सुरुवात मला माझ्याच घरात सापडली.

माझा आजा बिरसीचा कोतवाल होता. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि गोंदिया त्या जिल्ह्यात. गावातले जन्म आणि मृत्यू ठाण्यात कळवणे हे या प्रांतात कोतवालाचे काम असे. त्याच्या वहीत नोंद करून घ्यायची, ठरल्या दिवशी ती वही घेऊन ठाण्याची वाट धरायची. वाटेत पाऊस असो की रानातले जनावर, फेरी चुकवायची नाही. आज्याला अक्षरओळख नव्हती. गावातला कुणी जाणता लिहून देई आणि ठाण्यात मुन्शी वाचून विचारी, “बरोबर?” आजा मान डोलवी, तेव्हा नोंद पक्की होई. गावात पटकी शिरली की नाही, हे सरकारला कळायचे ते अशा निरक्षर माणसाच्या स्मरणशक्तीवर. त्याला मान नव्हता, मोबदला नाममात्र होता. पण त्याच्या तोंडचा शब्द ऐकून घेणे ठाण्याला भाग होते.

१९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिशांनी बिरसीला विमानांची धावपट्टी बांधली. धानाच्या बांध्यांशेजारी विमान उतरू लागले, तरी गावाचा निरोप ठाण्याला जायचा तो आज्याच्याच पायांनी. युद्ध संपल्यावर देशातल्या पोलीस दलांना बिनतारी यंत्रणेने जोडण्याचे काम हाती घेतले गेले. पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय केंद्रात १९४६ मध्ये स्थापन झाले. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्याच्या पोलीस बिनतारी विभागाचे मुख्यालय पुण्यात. बाबूजी तिथेच प्रशिक्षण घेऊन आले. तीन पिढ्यांच्या आमच्या घरात निरोप पायांवरून हवेत गेला तो असा.

१९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाची कर्तव्ये ठरवून दिली. गावातल्या गुन्ह्याची, संशयिताची माहिती ठाण्याला देणे हे त्यांतले मुख्य. म्हणजे पाटलाकडून बीट हवालदार, हवालदाराकडून ठाणेदार, ठाणेदाराकडून जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष अशी साखळी झाली. साखळी जितकी लांब तितके तिचे सांधे अधिक, आणि निरोप तुटतो तो सांध्यातच.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव हा पट्टा तेव्हा नक्षलग्रस्त होता. जंगलातल्या सशस्त्र दूरक्षेत्रांतल्या जवानांना बाहेरच्या जगाशी जोडणारा धागा म्हणजे हे यंत्र. शेजारच्या गडचिरोलीत १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या सी-६० पथकाने स्थानिक तरुण घेतले. त्यांना जंगल ठाऊक होते, तशीच गोंडी भाषाही. माणूस कोणत्या बोलीत सांगतो, यावर त्याचे सांगणे ऐकले जाते की नाही हे ठरते, ही गोष्ट तिथे दलाला उमगली होती. बाबूजी २००२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मनात एकच समाधान होते, की आपल्या पाळीत एकही निरोप लॉगबुकात नुसता पडून राहिला नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आम्ही दोघे बिरसीच्या घरात दूरचित्रवाणीपुढे बसलो होतो. मुंबई जळत होती आणि बाबूजी राहून राहून म्हणत होते, “कंट्रोलमध्ये काय चालले असेल!” पुढे त्या रात्रीचा तपशील बाहेर आला, तेव्हा मला त्यात त्यांच्या धंद्याची दोन टोके दिसली.

पहिला निरोप कामा रुग्णालयाचा. अपर पोलीस आयुक्त सदानंद दाते मोजक्या सहकाऱ्यांसह तिथे वर चढून अजमल कसाब आणि अबू इस्माईल या दोघांशी झुंजत होते. हातबॉम्बने ते जखमी झाले, मदत मागत राहिले. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर रुग्णालयाच्या मागच्या बाजूला पोचले. रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी करकरे यांनी बिनतारी यंत्रावरून कळवले, की रुग्णालयाला वेढा घालायला हवा, समोरच्या बाजूने कुमक पाठवा. त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने, कुमक न मिळता, रंगभवनच्या गल्लीत तिघांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिघेही गेले.

हे आपल्याला ठाऊक झाले ते कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांच्यामुळे. पती कामाला का गेले, याचे उत्तर त्यांना मिळेना. त्यांनी माहिती अधिकारात बिनतारी संदेशांच्या नोंदी मिळवल्या आणि विनिता देशमुख यांच्यासह २००९ मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिले. नियंत्रण कक्ष त्या रात्री सांभाळणारे राकेश मारिया यांनी त्यातले आक्षेप नाकारले. हा वाद मी इथे सोडवू शकत नाही. एकाच वेळी अनेक ठिकाणी गोळीबार चालू असताना त्या खोलीवर किती ताण असेल, हे यंत्रचालकाच्या मुलाला सांगावे लागत नाही. पण नोंद होती, म्हणूनच एका विधवेला प्रश्न विचारता आला, हेही तितकेच खरे.

दुसरा निरोप त्याच गाडीतून निघाला. मागच्या आसनावर शिपाई अरुण जाधव जखमी होऊन मृत सहकाऱ्यांच्या खाली दबले होते. दहशतवादी तीच गाडी घेऊन निघाले. टायर निकामी झाल्यावर त्यांनी ती सोडून दुसरी पळवली. तेव्हा जाधवांनी गाडीतल्या यंत्रावरून घडलेले सारे कळवले. पळवलेल्या रुपेरी स्कोडाची खबर नियंत्रण कक्षाकडून बाहेर गेली. गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग ठाण्याच्या लोकांनी नाकाबंदी केली होती. त्यांनी ती ऐकली, समोर आलेली गाडी ओळखली, अडवली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. इस्माईल मारला गेला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

ओंबळ्यांचे शौर्य आपण आठवतो, ते योग्यच. पण त्या शौर्याला संधी मिळाली ती एका जखमी शिपायाने सांगितलेल्या, कक्षाने पुढे दिलेल्या आणि नाक्यावरच्या माणसांनी मनावर घेतलेल्या निरोपामुळे. यंत्र तेच, रात्र तीच, कक्षही तोच. दुसऱ्या निरोपाला रस्त्यावर वाट पाहणारा धनी होता. पहिल्या निरोपाचा धनी कोण, याचे सर्वांना पटेल असे उत्तर आजवर मिळालेले नाही.

राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. अशा प्रसंगासाठी ठरवून ठेवलेली कार्यपद्धती त्या रात्री पाळली गेली नाही, असा तिचा एक निष्कर्ष होता. अहवालाच्या भाषेत ते कोरडे वाटते. बाबूजींच्या भाषेत त्याचा अर्थ, कुणी काय ऐकायचे आणि ऐकल्यावर कुणी उठायचे हे कागदावर होते, अंगवळणी पडलेले नव्हते.

आता राज्यात २०२१ पासून ११२ क्रमांक चालू आहे. ठाण्याठाण्यांत व्हॉट्सॲपचे गट आहेत. बिरसीच्या धावपट्टीवरून वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. मार्च २०२३ मध्ये इथून उडालेले प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात डोंगराळ जंगलात कोसळले, दोघे गेले. विमानाला राज्याची सीमा नसते, पोलिसांना असते. अशा वेळी एका राज्याच्या ठाण्यातला निरोप दुसऱ्या राज्याच्या ठाण्यात कुणी तरी ऐकून, उलट वाचून, उठून निघावे लागते. गटात संदेश टाकला आणि दोन निळ्या खुणा उमटल्या, एवढ्याने ते होत नाही.

यंदाही मंडई भरेल. चौकात एखादा तरुण शिपाई खांद्यावरच्या यंत्रात बोलत उभा असेल. मी थोडा वेळ त्याच्याजवळ थांबेन आणि पलीकडून कुणी त्याला उलट वाचून दाखवते का, तेवढे ऐकेन.