लो स्मारक ग्रंथालय : बाबासाहेबांच्या अध्ययनभूमीचे अवलोकन

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश केल्यावर दृष्टी प्रथम स्थिरावते ती लो स्मारक ग्रंथालयाच्या घुमटावर. सांचीचे स्तूप पाहिलेल्या डोळ्यांना हा आकार क्षणभर ओळखीचा वाटतो. परंतु या वास्तूची घडण रोममधील पॅन्थिऑनच्या धर्तीवर झालेली आहे. रुंद पायऱ्यांच्या मध्यभागी डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने १९०३ साली घडविलेली विद्यामातेची कांस्यमूर्ती आहे. तिच्या मांडीवर उघडा ग्रंथ आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक या पायऱ्या चढला, तेव्हा मनात एकच विचार होता : बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थीदशेत येथे वावरले.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने केवळ भारावून जाऊन चालत नाही. वास्तू कोणी बांधली, कोणत्या धनातून बांधली, हेही विचारावे लागते. चार्ल्स मॅकिम या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार हे काम १८९५ साली सुरू झाले आणि १८९७ साली ग्रंथालय खुले झाले. विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष सेथ लो यांनी आपले वडील अबिएल अबट लो यांच्या स्मरणार्थ स्वतःचे दहा लक्ष डॉलर त्यासाठी दिले. लो घराण्याची संपत्ती चीनशी होणाऱ्या व्यापारातून आलेली होती. अबिएल लो तरुणपणी कँटनमधील ज्या रसेल आणि कंपनीत होते, ती पेढी चहा-रेशमाबरोबर अफूचाही व्यापार करीत असे.

हा तपशील आपल्या दृष्टीने गौण नाही. जुलै १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब येथे आले. १९१५ साली एम. ए. साठी त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि अर्थव्यवहार. कंपनीच्या महसुलात अफूचे उत्पन्न हे एक मोठे कलम होते. हिंदुस्थानात पिकलेली अफू चीनमध्ये विकली जात होती आणि त्या व्यवहाराचे धागे कोलंबियाच्या या घुमटापर्यंत पोहोचत होते. त्याच विद्यापीठात महू येथे जन्मलेला एका सुभेदाराचा मुलगा कंपनीचा जमाखर्च तपासत होता. धनाचा उगम कोणताही असो, ज्ञान त्या धनाचीही चिकित्सा करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

बाबासाहेबांच्या काळात विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय हेच होते आणि घुमटाखाली वाचनकक्ष होता. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन, गोल्डनवायझर हे त्यांचे अध्यापक. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला आणि जातीबाहेर विवाहाला असलेली बंदी हेच जातीचे मूळ लक्षण होय, असे प्रतिपादन केले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते.

आपल्या सभांतून पुष्कळदा असे सांगितले जाते की, बाबासाहेब १९१६ सालीच पीएच. डी. होऊन परतले. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. प्रबंधाचे काम त्या वर्षी झाले, हे खरे; परंतु तो छापून सादर करणे आवश्यक होते. १९२५ साली सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह तो लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ साली पदवी मिळाली. मधल्या काळात त्यांचे ग्रंथ घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले, बडोद्यातील नोकरी अस्पृश्यतेच्या छळामुळे सुटली. हा विलंब सांगितल्याने त्यांची थोरवी उणी होत नाही. उलट तिची किंमत कळते. पुढे ५ जून १९५२ रोजी याच विद्यापीठाने त्यांना एल्‌एल. डी. ही सन्माननीय पदवी अर्पण केली.

पालीच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईतील शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले गेले नाही. फारसी घ्यावी लागली. ज्याला स्वदेशात एका भाषेचे दार बंद झाले, त्याला परदेशातील ग्रंथालयाने जात विचारली नाही. त्याच पुरुषाने उत्तरायुष्यात पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर परिश्रम घेतले. ते काम शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात उपलब्ध आहे. मंगलसुत्तात तथागतांनी बाहुसच्च, म्हणजे बहुश्रुतता, हे उत्तम मंगल मानले आहे. या मंगलाचा अधिकार जन्मावर अवलंबून नाही, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या जीवनाने सिद्ध केले.

आज मात्र लो ग्रंथालयाच्या घुमटाखाली वाचनकक्ष नाही. १९३४ साली समोरच नवे ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथ तिकडे गेले आणि ही वास्तू प्रशासन व समारंभांसाठी वापरली जाऊ लागली. बाबासाहेबांचा अर्धपुतळाही येथे नाही. १९९५ पासून तो विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात, वाचकांच्या सान्निध्यात आहे. प्रस्तुत लेखकाला हे योग्यच वाटले.

बाबासाहेबांनी दादरला घर बांधले ते ग्रंथांसाठी, आणि त्याला नाव दिले राजगृह. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती ज्या नगरीत भरली, तिचे हे नाव. त्या संगीतीत भिक्खूंनी अस्थींचे नव्हे, तर वचनांचे संकलन केले, हे विसरता कामा नये. आज आपल्या कित्येक विहारांत बाबासाहेबांचे खंड काचेच्या कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. कोलंबियाला जाणे थोड्यांनाच शक्य होईल. परंतु ते कुलूप काढणे, कपाटापुढे एक सतरंजी अंथरणे आणि सायंकाळी दिवा लावून चार मुलामुलींना वाचायला बसविणे, हे प्रत्येक वस्तीत शक्य आहे. लो ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरताना मनाने घेतलेला बोध तो हाच.