एंडोथेलिन-१: यकृत बिघडल्यावर रक्तवाहिन्या आवळणारा रेणू

कार्तिकी एकादशीला खोपोलीजवळच्या साजगावात बोंबल्या विठोबाची यात्रा सुरू होते. विठोबाची यात्रा आणि सुक्या मासळीचा बाजार, असा मेळ क्वचितच दिसतो. पण सिरॉसिस होऊन पोटात पाणी साठलेला माणूस घरात असेल, तर खारा बांगडा त्याच्या ताटात वाढू नका, असं डॉक्टर बजावतात. घरच्यांना ते जाचक वाटतं. ‘एवढ्याशा मिठाने काय होतंय?’ या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग एंडोथेलिन-१ नावाच्या रेणूत आहे.

हा २१ अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी तयार करतात. १९८८ साली जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा, तोमोह मासाकी आणि सहकाऱ्यांनी तो डुकराच्या महाधमनीच्या पेशींतून शोधला. शरीरात बनणाऱ्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या द्रव्यांत तो अत्यंत जोरदार मानला जातो. गंमत म्हणजे, त्याची रचना एका बिळात राहणाऱ्या सापाच्या विषातल्या साराफोटॉक्सिनशी जुळते.

निरोगी माणसाच्या रक्तात तो मिलिलिटरला जेमतेम काही पिकोग्रॅम असतो. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. सिरॉसिसमध्ये ही पातळी वाढते, पोटात पाणी झालेल्यांत ती आणखी जास्त आढळते. यकृताच्या आजारामुळे मूत्रपिंडही निकामी होऊ लागतं, त्या हेपॅटोरिनल सिंड्रोममध्ये तर ती फारच चढलेली असते, हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

यकृतात हा रेणू तारकापेशींना आकुंचन पावायला लावतो. या पेशी एरवी ‘अ’ जीवनसत्त्व साठवतात. यकृताला सतत इजा होत राहिली की त्या स्नायूंसारख्या आकसू लागतात आणि चट्ट्याचे तंतूही बनवतात. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट मग अरुंद होते आणि पोर्टल शिरेतला दाब वाढतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून रक्ताची उलटी होते, ती याच दाबामुळे.

इथे एक विसंगती दिसते. यकृताच्या आत वाहिन्या आवळलेल्या असतात, पण आतड्यांभोवतीच्या वाहिन्या नायट्रिक ऑक्साइडसारख्या द्रव्यांमुळे सैल पडलेल्या असतात. रक्त तिकडे तुंबतं, धमन्यांतला दाब उतरतो. शरीराला वाटतं, रक्तच कमी पडलंय. मग मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं, त्याच्या स्वतःच्या वाहिन्याही आवळतात. या आवळण्यात एंडोथेलिनचा हात असतो; रेनिन, अल्डोस्टेरॉन आणि अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची द्रव्यंही सामील असतात. खाल्लेलं मीठ बाहेर पडत नाही, पाणी त्याच्या मागे थांबतं आणि पोट फुगतं. म्हणून अशा रुग्णांना दिवसभरात मिळून साधारण ५ ग्रॅम, म्हणजे छोटा चमचाभर मीठ सांगतात. लोणचं, पापड आणि खारवलेली मासळी त्यातच मोजायची.

मिठाहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वेदनाशामक गोळ्या. आवळणाऱ्या द्रव्यांशी झुंजत मूत्रपिंडाच्या वाहिन्या उघड्या ठेवतात ती प्रोस्टाग्लँडिन्स. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या तीच रोखतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली अशी गोळी सिरॉसिसच्या रुग्णाचं मूत्रपिंड काही दिवसांत बंद पाडू शकते. लघवी कमी होणं, वजन भराभर वाढणं ही डॉक्टरांकडे त्याच दिवशी जाण्याची लक्षणं आहेत.

मग एंडोथेलिनची रक्तचाचणी करून घ्यावी का? उपचार ठरवायला ती वापरत नाहीत. हा रेणू रक्तात काही मिनिटंच टिकतो, फुप्फुसं त्यातला बराच काढून टाकतात. शिवाय पेशी तो मुख्यतः वाहिनीच्या स्नायूंकडे सोडतात. रक्तात सापडतो तो सांडलेला भाग. यकृतात प्रत्यक्ष काय चाललंय, हे त्या आकड्यावरून नेमकं कळत नाही.

एंडोथेलिनला अडवणारं बोसेंटन हे औषध फुप्फुसांच्या धमन्यांतल्या उच्च दाबावर दिलं जातं, पण त्याने यकृतालाच त्रास होऊ शकतो. त्याच गटातलं सिटॅक्सेंटन यकृताच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१० साली बाजारातून काढून घेतलं गेलं. हेपॅटोरिनल सिंड्रोममध्ये उलट वाहिन्या आवळणारंच टर्लिप्रेसिन, अल्ब्युमिनसोबत, दिलं जातं. ते आतड्यांभोवतीच्या सैल वाहिन्या आवळतं आणि तिथे तुंबलेलं रक्त मूत्रपिंडाकडे वळतं.