राजा की प्रजासत्ताक : कौल मागण्याच्या दोन रीती

राजा असावा की नसावा हे रयतेला विचारून ठरवावे, ही कल्पना आम्हां संस्थानी प्रजेच्या वंशजांना काहीशी अनोळखी वाटते. ग्वाल्हेर आणि इंदूर १९४८ मध्ये मध्यभारतात गेले, बडोदे १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले; हे सारे राजांच्या सह्यांनी घडले. भारताच्या प्रजासत्ताकाचा निर्णयही घटना समितीने केला. मतदारापुढे हा प्रश्न थेट कधी आला नाही. ज्या देशांत तो आला, त्यांपैकी दोघांचे अनुभव येथे पाहू.

पहिला देश इटली. तेथील राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने १९२२ मध्ये मुसोलिनीला पंतप्रधान नेमले होते. महायुद्धातील पराभवानंतर तो डाग पुसण्यासाठी मे १९४६ मध्ये त्याने पुत्र उंबेर्तो यास गादी दिली. पण वेळ टळून गेली होती. २ जून १९४६ रोजी मतदान झाले. देशव्यापी मतदानात स्त्रिया प्रथमच सहभागी झाल्या. प्रश्न अगदी साधा होता : प्रजासत्ताक की राजेशाही? सुमारे १ कोटी २७ लाख मते प्रजासत्ताकास, तर १ कोटी ७ लाख राजेशाहीस पडली. उत्तरेने राजाला नाकारले, दक्षिणेने उचलून धरले. नेपल्समध्ये तर दंगलीत माणसे मेली. उंबेर्तोने सरकारच्या घाईचा निषेध नोंदवला, पण रक्तपात नको म्हणून १३ जूनला देश सोडला. राज्यघटना कशी असावी, हे ठरवण्याचे काम त्याच दिवशी निवडलेल्या घटना समितीवर सोपवलेले होते.

दुसरा देश ऑस्ट्रेलिया. तेथे ६ नोव्हेंबर १९९९ रोजी कौल घेतला गेला, तो मात्र तयार आराखड्यावर : राणीच्या जागी संसदेने दोन तृतीयांश बहुमताने नेमलेला राष्ट्राध्यक्ष हवा काय? येथेच प्रजासत्ताकवाद्यांत फूट पडली. राष्ट्राध्यक्ष जनतेने निवडावा असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी राजेशाहीवाद्यांच्या बरोबरीने विरोधी मत दिले. सुमारे ५५ टक्के मते विरोधात गेली. सहाही राज्यांनी प्रस्ताव नाकारला. तो प्रश्न त्यानंतर पुन्हा मतदारांपुढे आलेला नाही.

दोन्ही निकाल लोकांनीच दिले. तरी प्रश्नाच्या मांडणीचा त्यांत मोठा वाटा होता, असे आम्हांस वाटते. इटलीत आधी तत्त्व विचारले, तपशील मागाहून ठरला. ऑस्ट्रेलियात तपशिलाच्या वादात तत्त्वाचा कौल स्पष्ट झालाच नाही. अर्थात इटलीच्या रीतीतही धोका होता : पुढे कोणती घटना येणार हे न कळताच लोकांनी मत दिले, आणि हरलेला निम्म्याच्या जवळपासचा देश सांभाळून घ्यावा लागला.

आमच्या वाडवडिलांना असे विचारले असते तर बडोद्याचा वा ग्वाल्हेरचा कौल काय आला असता, याचा तर्क आम्ही करणार नाही. मात्र १९५१-५२ च्या निवडणुकीत तीच मंडळी मतदानकेंद्रांपुढे रांगेत उभी राहिली. घरातील भिंतीवर महाराजांची तसबीर तशीच ठेवूनही, न विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी दिलेले ते उत्तर होते, असे आम्ही मानतो.