आरोपीचा कैवारी : कर्जत-खालापूरच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

न्यायदानाचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा न्यायासनाकडे लागलेली असते. एल्फिन्स्टनसाहेबाचे 1827 चे कायदे, 1860 चे दंडविधान, 1862 साली मुंबईस स्थापन झालेले हायकोर्ट, अशा पायऱ्या एकामागून एक सांगितल्या की विषय संपला, असा समज रूढ झाला आहे. परंतु पोलिसाने दंडाला धरून नेलेला माणूस पहिल्या रात्री कोठडीत बसला असता त्याच्या घरच्यांनी कोणाचे दार ठोठावावे, हा प्रश्न या इतिहासात कोठेच आढळत नाही. वस्तुतः खेड्यातील माणसाला सरकारी न्यायाचा पहिला परिचय होतो तो येथे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांपुरता तपासून पाहण्याचा विचार आहे. कारण आरोपीस वकील मिळण्याचा हक्क कागदावर येणे आणि तो वकील त्याच्या गावापर्यंत पोहोचणे यांत किती अंतर असू शकते, ते या भागात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

प्रथम भूगोल पाहू. कर्जत तालुका मूळचा ठाणे जिल्ह्यातला. आगगाडी बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत 1856 साली आली आणि घाटाचा मार्ग 1863 साली खुला झाला. त्यामुळे कर्जतचा मनुष्य सकाळी गाडीत बसला की जिल्ह्याच्या ठिकाणी दुपारपूर्वी पोहोचू शके. 1891 साली मात्र कर्जत तालुका कुलाबा जिल्ह्यात घालण्यात आला. खालापूर हा त्या वेळी कर्जतच्याच पोटातला पेटा; तोही अर्थात बरोबर गेला. जिल्ह्याची कचेरी आता अलिबागेस, म्हणजे खाडीपलीकडे, जेथे आगगाडी नाही अशा ठिकाणी. खोपोलीहून पेणेकडे उतरून पुढे धरमतरची खाडी ओलांडावी, नाहीतर मुंबईस जाऊन बोटीने रेवसला उतरावे. राज्यकारभाराच्या सोयीसाठी नकाशावरील रेषा सरकवताना, त्या रेषेमुळे एखाद्या ठाकराचा वकील किती कोस लांब गेला याचा हिशेब कोणी केला असेल, असे वाटत नाही. कुलाब्याचे नाव 1 जानेवारी 1981 रोजी रायगड झाले, पण जिल्ह्याचे ठाणे अलिबागेसच राहिले.

या तालुक्यांत आरोपी होत असत ते कोण? दरोडे आणि खून यांची चर्चा सर्वत्र होते; पण कातकऱ्याला व ठाकराला कचेरीची पायरी चढावी लागे ती बहुशः त्याच्या नित्याच्या उपजीविकेपायी. 1878 साली जंगलचा कायदा आला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही आला. ज्या रानातून पूर्वी लाकूडफाटा, कोळसा, काताचे खैर सहज आणावेत, ते रान ‘राखीव’ झाले. पुढे 1892 साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांना लक्षून मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध बसले. चैत्रात झाडाखाली पडलेली फुले टोपलीत भरावी, हा ज्यांचा पिढीजाद क्रम, त्यांना तीच टोपली मुद्देमाल ठरते हे समजावून सांगणार कोण? गुन्हा कबूल केला, दंड भरला, दंडासाठी सावकाराकडे हात पसरला, अशी ही साखळी होती. अशा आरोपीला वकिलाची फी दंडाहून जड वाटली, तर त्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. त्याचा हिशेब बरोबरच होता.

बरे, त्याला उभे करीत ते कोणापुढे? जो मामलेदार सारा वसूल करी, तोच मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी खटलेही चालवी. वरचा अधिकार प्रांतसाहेबांचा. पावसाळा संपला की प्रांतसाहेब मुक्कामावर निघत. तंबू आज एका गावी तर चार दिवसांनी दुसऱ्या गावी, आणि खटला तंबूच्या मागोमाग. फिर्यादी, साक्षीदार, आरोपी यांनी त्या छावणीमागे पायपीट करावी, हा त्या काळचा इतका मोठा जाच होता की राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून ‘न्याय व अंमल यांची फारकत करा’ ही मागणी सतत होत राहिली. वकिलाने छावणीबरोबर हिंडावयाचे तर फी, गाडीभाडे आणि मुक्कामाचा खर्च हे सर्व अशिलाच्या माथी. मुंबई राज्यात ही फारकत कायद्याने झाली 1951 साली, आणि अमलात आली 1 जुलै 1953 रोजी. म्हणजे स्वातंत्र्य मिळून सहा वर्षे होत आली तोपर्यंत मामलेदार कचेरीतील फौजदारी न्याय सरकारी वसुलीच्या शेजारीच बसलेला होता.

हक्क मात्र पुस्तकात होता. 1898 च्या फौजदारी कामकाजाच्या कायद्यात 340 वे कलम होते आणि आरोपीस वकिलामार्फत बचाव करण्याचा अधिकार आहे, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. एवढेच नव्हे, तर ‘वकील’ या शब्दाच्या व्याख्येत मुखत्यार आणि कोर्टाच्या परवानगीने नेमलेला अन्य कोणीही इसम येत असे. सनदी वकील नसेल तेथे एखाद्या जाणत्या माणसाला उभे करण्याची ही वाट कायद्याने मोकळी ठेवली होती. पण पोलिसांच्या ताब्यात असतानाच हा हक्क सुरू होतो, की खटला चालू झाल्यावर? या प्रश्नाचा निकाल 1926 साली मुंबई हायकोर्टात लागला. एडनला पकडून मुंबईस आणलेल्या लुवेलिन इव्हान्स नावाच्या इसमाला त्याच्या कायदेशीर सल्लागाराची भेट नाकारण्यात आली होती. न्यायमूर्ती फॉसेट व न्यायमूर्ती मडगावकर यांनी ठरवले की 340 व्या कलमाचा अर्थ कोठडीतील माणसाला वकिलाशी बोलू देण्यापर्यंत जातो; दोन्ही पक्षांस तयारीची सारखी संधी हवी. निर्णय थोर खरा. मात्र त्याचा लाभ घेण्यास भेटीला येणारा वकील आधी असावा लागतो, आणि इव्हान्सला तो होता.

वकील असूनही तो पुढे येत नाही, अशीही एक आपत्ती असते. शेजारच्या पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके 1879 च्या जुलैत पकडले गेले आणि पुण्यास त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. पुण्यात वकिलांची वाण नव्हती. वाण होती धैर्याची. सरकारची वक्रदृष्टी होईल या भयाने बहुतेकांनी पाठ फिरवली असता गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, बचावासाठी उभे राहिले. फडक्यांच्या बंडाशी काका सहमत होते असे नव्हे. सनदशीर अर्ज-विनंत्या हा त्यांचा मार्ग. तरीही आरोपी एकटा राहता कामा नये, एवढे त्यांनी जाणले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याचीच झाली आणि फडक्यांचा अंत 1883 साली एडनच्या तुरुंगात झाला. काका त्यापूर्वीच, 1880 साली, निवर्तले होते. लोकमान्यांच्या 1897 च्या खटल्यात तर थेट कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. पण हे झाले देशविख्यात आरोपींचे. कशेळीच्या किंवा चौकच्या बाजूचा एखादा कुळवाडी पकडला गेला तर कलकत्त्याहून कोण येणार? त्याला कर्जतचाच माणूस हवा.

तसा माणूस या तालुक्याला मिळाला, आणि तो लाभला माथेरानच्या एका नाभिक कुटुंबातून. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानला झाला. गोऱ्या साहेबांच्या व मुंबईच्या शेठसावकारांच्या हवाखोरीसाठी वसलेल्या त्या गावात, त्यांची श्मश्रू करणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या मुलाने पुण्यास जाऊन शिक्षण घ्यावे, कायद्याची परीक्षा द्यावी, आणि मग मुंबईत बस्तान बसवण्याऐवजी डोंगराखालच्या शेतकऱ्यांची कामे, तीही विनामोबदला, हाती घ्यावीत, ही गोष्ट आज वाटते तितकी साधी नव्हती. आम्ही इंग्रजी शिकलेल्या पदवीधरांनी तर ती विशेष लक्षात ठेवावी, कारण आमच्यापैकी बहुतेकांच्या पदव्या आम्हाला गावापासून दूर नेण्याच्याच कामी आल्या. कोतवालांनी गरिबांसाठी धान्याची कोठारे काढली, खेड्यांत शाळा चालवल्या, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्षपद भूषवले. त्यांचा पक्ष घेण्यास सोपा नव्हता. कारण जमिनीचा तंटा आणि फौजदारी फिर्याद ही एकाच बांधावर उगवणारी रोपे होत: कुळाने खंडाला हरकत घेतली की चार दिवसांत त्याच्यावर भात चोरल्याचा किंवा आगळीक केल्याचा आरोप येऊ शके. अशा वेळी ज्याला बांध कोणाचा आणि भात कोणी पेरले हे ठाऊक आहे, तोच वकील उलटतपासणीत नेमका प्रश्न विचारू शकतो. दूरच्या शहाण्यापेक्षा जवळचा जाणता आरोपीला अधिक उपयोगी पडतो, तो यासाठी.

1942 च्या ऑगस्टनंतर भाई कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचे सत्र आरंभले. 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले आणि गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील पडले. कोतवालांचे वय तीस वर्षांचे. ज्याने इतरांची बाजू मांडण्यासाठी कायदा शिकला, त्याच्यावर खटला चाललाच नाही. त्याची बाजू कोणत्याही न्यायासनापुढे मांडली गेली नाही. सिद्धगडाचे पोवाडे आपण ऐकतो, आणि ऐकावेतच. पण मनोरे पाडणाऱ्या कोतवालांच्या आड शेतकऱ्यांचा वकील कोतवाल थोडा झाकला गेला आहे, असे मला वाटते.

पुढील इतिहास कायद्याच्या दृष्टीने उजळ आहे. मुंबई सरकारने 1949 साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायद्याचे साहाय्य कसे द्यावे याचा विचार करण्यास समिती नेमली. 1950 च्या संविधानातील 22 व्या अनुच्छेदाने पसंतीच्या वकिलाचा सल्ला हा मूलभूत हक्क केला आणि अटकेपासून, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे बंधन घातले. तरी पैसे नसलेल्याचे काय, हा जुना प्रश्न राहिलाच. त्याचे उत्तर महाराष्ट्रातूनच गेलेल्या दोन प्रकरणांनी बरेचसे दिले. 1978 च्या होसकोट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तुरुंगातील गरजू कैद्याला अपिलासाठी वकील देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. त्या प्रकरणातील आरोपी विद्यापीठात अध्यापन करणारा होता आणि आरोप बनावट पदव्यांचा होता, हे नमूद करताना आमच्या धंद्याला थोडा संकोच वाटणे साहजिक आहे. 1983 च्या शीला बारसे प्रकरणात, मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांवरून, पोलिसांनी अटक होताच जवळच्या कायदेविषयक साहाय्य समितीला कळवावे असा आदेश झाला. आरोपीने वकील शोधत यावे याऐवजी वकिलाला आरोपीची खबर जावी, ही उलटी दिशा प्रथम येथे स्पष्ट झाली.

1987 चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1995 साली अमलात आला आणि ही व्यवस्था तालुक्यापर्यंत उतरली. तालुक्यातील ज्येष्ठ न्यायाधीश तालुका समितीचे अध्यक्ष असतात. अलिबागेस जिल्ह्याचे प्राधिकरण आहे. या कायद्याच्या बाराव्या कलमात अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया व बालके यांच्याबरोबर ‘कोठडीत असलेली व्यक्ती’ हे शब्द आहेत. कोठडीतील माणसाला, त्याचे उत्पन्न न पाहता, विनामूल्य वकील मागता येतो. अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी चालते. 1 जुलै 2024 पासून जुना फौजदारी कामकाजाचा कायदा जाऊन नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात बचावाच्या हक्काचे कलम पुन्हा 340 व्याच क्रमांकावर येऊन बसले आहे. हा निव्वळ योगायोग. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

एक अडचण मात्र कोणत्याही कलमाने पुरती सुटलेली नाही, आणि ती जवळिकीतूनच उद्भवते. तालुक्याचा वकीलवर्ग लहान. नेरळ, कर्जत, खोपोली, खालापूर येथील मंडळी एकमेकांना ओळखणारी. फिर्यादी प्रतिष्ठित असला, किंवा गुन्हा असा असला की सारे गाव संतापले आहे, तर वकीलपत्र घेण्यास माणूस कचरतो. कोठे कोठे वकीलमंडळांनी अमक्याचे वकीलपत्र घेऊ नये असे ठरावही केले. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदेशीर व निरर्थक ठरवले. ठराव रद्द होतो. संकोच रद्द होत नाही. सार्वजनिक काकांपुढे 1879 साली जी परीक्षा होती तीच लहान प्रमाणात तालुक्याच्या वकिलापुढे आजही येते, आणि तिची वार्ता वर्तमानपत्रांत येत नाही.

पाड्यावरून माणूस उचलला गेला की त्याच्या घरच्यांनी प्रथम ठाण्यावर जाऊन कोणत्या कारणासाठी व कोणत्या कलमाखाली धरले ते विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करतील त्या वेळी हजर राहावे. वकील नसेल तर तेथेच, न्यायाधीशांसमोर, ‘आम्हाला वकील नाही, तो द्यावा’ असे आपल्या बोलीत सांगावे. 1981 आणि 1986 च्या निकालांनी त्या न्यायाधीशावरही जबाबदारी टाकलेली आहे की आरोपीने न मागितले तरी त्याला हा हक्क सांगावा. जामीनपात्र गुन्ह्यात जामीनदार न मिळाल्यामुळे आठवडा उलटला, तर आरोपीस निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद 2005 च्या दुरुस्तीने आली आणि ती नव्या संहितेतही आहे. यांपैकी कोणतीच गोष्ट मोहाच्या टोपलीसह मामलेदारापुढे उभ्या राहिलेल्या त्या कातकऱ्याला उपलब्ध नव्हती. त्याच्या पणतवंडाला ती उपलब्ध आहे. फक्त पहिल्या चोवीस तासांत ती त्याच्या कानावर घालणारा कोणी तरी कर्जतच्या किंवा खालापूरच्या कोर्टाच्या आवारात त्याला भेटला पाहिजे.