बलोपासनेची जुनी पुस्तके विकत घ्यावीत का?

आमच्या धारवाडात तालीम आणि पुस्तक यांचे सख्य कधीच नव्हते. तालमीत शिकायचे ते वस्तादाच्या तोंडून, त्याच्या नजरेखाली, तांबड्या मातीत. तरीदेखील या गावातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर आणि ट्रंकांत व्यायामाची मराठी-इंग्रजी पुस्तके आजही निघतात. कारण सरळ आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता आणि पुण्या-बडोद्याची छापील अक्षरे बेळगावच्या वाटेने आगगाडीत बसून इकडे येत. आजोबा वारले, घर विकायला निघाले, की ही पुस्तके प्रथम बाहेर पडतात आणि बहुधा वजनावर जातात.

दुसरीकडे, हुबळीत विद्यानगरच्या बाजूला जिममध्ये जाणारी मुले मला विचारतात, "काका, ते जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊ का? की फोनवर पाहिलं तरी पुरे?" महिन्याच्या पगारातून पैसे मोजायचे म्हणजे प्रश्न साधा नाही. जुन्या पुस्तकांचा नाद मला बरीच वर्षे आहे, म्हणून उत्तर देण्याचा थोडा अधिकार घेतो. माझी पहिली कसोटी एकच : लेखकाला पुस्तकाखेरीज आणखी काय विकायचे होते?

युजेन सँडोपासून सुरुवात करू. १८६७ साली जन्मलेला हा जर्मन बलवान १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात खेळ करून गेला. तो आपल्या बोलीत असा काही मुरला, की आज दुर्गदबैलच्या बाजारात बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक मागायचा तर 'सँडो बनियन' म्हणावे लागते. मागणाऱ्याला तो माणूस होता हेदेखील ठाऊक नसते! त्याचे 'स्ट्रेंग्थ अँड हाऊ टु ऑब्टेन इट' हे पुस्तक १८९७ चे. हलके डंबेल घ्यावेत, मन स्नायूवर एकाग्र करावे, तक्त्याप्रमाणे रोज करावे, असा त्याचा उपदेश. स्वतः सँडो मात्र प्रोफेसर अ‍ॅटिलाच्या हाताखाली जड वजनांवर तयार झाला होता. हलक्या डंबेलचा आग्रह आणि स्प्रिंगवाल्या डंबेलची विक्री या दोन गोष्टी शेजारीशेजारी होत्या, हे वाचणाऱ्याने विसरू नये.

याच सँडोच्या नादी आमच्याकडचे एक राजेही लागले होते. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी १८९७ साली मुंबईत कायदा शिकत असताना त्यांनी सँडोची पुस्तके आणि साधने घेतली आणि नेमाने दहा वर्षे त्याप्रमाणे व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, ते सूर्यनमस्काराकडे वळले. १९२८ मध्ये त्यांचे सूर्यनमस्कारांवरचे पुस्तक आले, १९३८ मध्ये 'द टेन पॉइंट वे टु हेल्थ'. मला वाटते, सँडोची साधने सुटली तरी त्याची शिकवण्याची तऱ्हा राजेसाहेबांना सुटली नाही : चित्र, क्रम, रोजचा नेम.

कन्नड वाचकांना के. व्ही. अय्यर हे नाव 'शांतला' आणि 'रूपदर्शी' या कादंबऱ्यांमुळे माहीत असते. बंगळूरच्या हर्क्युलिस जिम्नॅशियमचे चालक तेच, आणि १९३० च्या 'मसल कल्ट'चे लेखकही तेच. बारबेल आणि हठयोग एकाच शरीरात नांदू शकतात, हे त्यांनी स्वतःच्या छायाचित्रांनी दाखवले. तेही टपालाने शिक्षणक्रम विकत, म्हणजे माझ्या कसोटीत तेही सापडतात! पण छायाचित्रातला देह त्यांनी सांगितलेल्या मार्गानेच घडलेला दिसतो. हे पुस्तक मिळाले तर घ्यावे.

आता खऱ्या मोलाच्या ग्रंथाकडे. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी संपादलेला 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. मधे महायुद्ध, कागदाची टंचाई, स्वातंत्र्य, फाळणी; तरी खंड निघत राहिले. या मनुष्याला ना डंबेल विकायचे होते, ना चूर्ण. जोर, बैठका, मलखांब, कुस्तीचे डाव, लेझीम, लाठी, बोथाटी, जंबिया, पोहणे, आसने असा सगळा ऐवज मराठीत एकत्र आला. १९५० साली त्याचा इंग्रजी संक्षेपही निघाला. वस्ताद गेला की त्याच्याबरोबर जाणारी विद्या कागदावर उतरवणे, एवढाच यात हेतू. माझ्याकडे दहापैकी चार खंड आहेत, त्यातल्या एकाला पाठ नाही. तरी एखादा डाव कसा बसवावा यावर दोन म्हाताऱ्या पैलवानांचा वाद पेटला, की माझ्या दारात येतात.

आणि बडोद्याचे आमच्यावर आणखी एक ऋण आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. राजा कर्नाटकाचा, पण ग्रंथ छापला गायकवाडांच्या प्राच्य ग्रंथमालेने, १९२५ पासून. त्यातला 'मल्लविनोद' वाचताना चकित व्हायला होते. मल्लांसाठी भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम आणि स्तंभश्रम अशी मेहनतीची विभागणी तिथे आहे : वजन, चालणे, पाणी, बाहूंची रेटारेटी आणि खांब. या स्तंभश्रमात मलखांबाचे मूळ दिसते. आहारात उडीद, मांस, दूध, तूप. जवळपास नऊशे वर्षांपूर्वीचा हा संदर्भग्रंथ आपल्या मातीतला, आणि आपली मुले शरीरसौष्ठवाचा आरंभ कॅलिफोर्नियात शोधतात!

राहता राहिले ते जाडजूड इंग्रजी पुस्तक. अर्नोल्ड श्वार्झनेगरने बिल डॉबिन्सच्या साहाय्याने १९८५ साली शरीरसौष्ठवाचा ज्ञानकोश काढला आणि १९९८ मध्ये तो वाढवून पुन्हा आणला. आठशेच्या वर पाने. कोणता व्यायाम कसा करावा, कोपर कुठे असावे, पाठ कशी राखावी, यासाठी तो उत्तम आहे; एवढी व्यवस्थित छायाचित्रे फोनवर शोधता शोधता दिवस जाईल. पण त्यातले दिवसातून दोनदा मेहनतीचे तक्ते नोकरदार पोराने उचलू नयेत. त्या पिढीत स्टिरॉइड सर्रास चालत आणि स्वतः अर्नोल्डने आपण ती घेतल्याचे पुढे मान्य केले. तो देह केवळ तक्त्याने झालेला नाही. तक्ता पाळूनही दंड फुगेना, की पोरगा स्वतःला दोष देतो आणि मग कुणीतरी हळूच सुई पुढे करतो. असा एक मुलगा आमच्या गल्लीत होता. बाविसाव्या वर्षी डॉक्टरांच्या खुर्चीसमोर मान खाली घालून बसलेला त्याचा बाप मी पाहिला आहे. पुस्तकाची खरी किंमत छापील आकड्यात मावत नाही, ती अशी.

आहाराबाबत तर कोणत्याच जुन्या ग्रंथावर विसंबू नये. आज मेहनत करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड ते दोन ग्रॅम प्रथिने पुरतात असे शास्त्र सांगते. ज्वारीची भाकरी, झुणका, दूध, अंडी, कडधान्ये यांत ती बसवता येतात. तुपाची वाटी पिण्याची गरज नाही. धारवाडी पेढा आवडत असेल तर जरूर खावा, पण ते प्रथिन आहे असे सांगू नये.

म्हणून विचारणाऱ्या मुलांना मी असे सांगतो. नव्याने शिकायचे असेल तर अर्नोल्डचे पुस्तक तिघा-चौघांनी मिळून घ्या, चित्रे पाहा, तक्ते सोडा. सँडोवर पैसे घालू नका. त्याची पुस्तके संगणकावर फुकट वाचता येतात. 'मल्लविनोद' ग्रंथालयात बसून वाचा. 'व्यायाम ज्ञानकोश'चा मात्र एखादा सुटा खंड दिसला, वाळवी लागलेला असला, तरी सोडू नका. दुकानदार त्याची किंमत जाणत नाही, आणि घरच्यांना ती त्याहून कमी ठाऊक असते.

मलखांबाची माहिती असलेला खंड माझ्याकडे नाही. हुबळी-धारवाडात, बेळगावात किंवा खानापूरकडे कुणाच्या माळ्यावर तो पडून असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी संपादकांच्या पत्त्यावर एक पत्र टाकावे. मी येऊन घेऊन जाईन, आणि मागाल ती किंमत देईन.