वाशिम जिल्ह्यातील व्यसनमुक्तीची सांस्कृतिक परंपरा : तांडा, कुटुंब आणि संतविचार

प्रस्तावना

व्यसन ही केवळ व्यक्तीची दुर्बलता नसून तिच्यामागे समाजरचना, अर्थव्यवस्था व राज्यसंस्थेचे धोरण उभे असते. त्यामुळे युवक व कुटुंब यांच्यासाठी आखावयाच्या व्यसनप्रतिबंधक कार्यक्रमांचा विचार त्या समाजाच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. या दृष्टीने वाशिम जिल्हा अभ्यासनीय ठरतो. ब्रिटिश काळात वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा असलेला वाशिम 1905 मध्ये अकोला जिल्ह्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजी त्याची पुन्हा स्वतंत्र जिल्हा म्हणून निर्मिती झाली. याच जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी आहे. प्रस्तुत निबंधात बंजारा तांडा आणि वऱ्हाडातील संतपरंपरा यांच्या आधारे व्यसनमुक्तीच्या सांस्कृतिक पायाचा ऐतिहासिक शोध घेतला आहे.

तांड्याची व्यवस्था आणि मद्याचे स्थान

बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहून नेणारा बंजारा समाज ही मध्ययुगीन व्यापाराची मोठी वाहतूक यंत्रणा होती. तांड्याचे नियमन नायक व कारभारी करीत. तंटे पंचांसमोर मिटत. सोयरीक, लग्न, पाहुणचार व पंचांचा निवाडा या प्रसंगी मद्यपानाला सामाजिक मान्यता होती आणि अपराध्याकडून दंडादाखल मद्य घेण्याचीही रीत होती. मात्र हे पान प्रसंगाशी व समूहाच्या मर्यादेशी बांधलेले होते, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात ही मर्यादा खिळखिळी झाली. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या प्रशासनाखाली आला. 1867 पर्यंत लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूरमार्गे नागपुरास पोहोचला आणि बैलांच्या तांड्यांचा व्यापार मोडीत निघाला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढे काही प्रांतांत बंजाऱ्यांवरही बसला. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी संशयाची छाया रेंगाळत राहिली. दुसरीकडे अबकारी व्यवस्थेने मद्याला महसुलाचे साधन बनविले. दुकानांचे मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले, तर घरची मोहाची दारू गुन्हा ठरली. अशा रीतीने समारंभापुरते असलेले पेय रोज विकत मिळणारी वस्तू झाले. उपजीविका हिरावली जाण्याचा आणि दुकान दाराशी येण्याचा काळ एकच होता. म्हणून तांड्यातील व्यसनाला 'जातीचा स्वभाव' मानणे इतिहासाला धरून नाही.

संतपरंपरेचा हस्तक्षेप

या पार्श्वभूमीवर संत सेवालाल महाराजांची स्मृती महत्त्वाची ठरते. परंपरेनुसार त्यांचा जन्म 15 फेब्रुवारी 1739 रोजी झाला. त्यांची समाधी पोहरादेवी येथे आहे. मौखिक परंपरेत ते सत्य, श्रम, गोसेवा व निर्व्यसनीपणा यांचा उपदेश करणारे सत्पुरुष म्हणून येतात. मौखिक साधनांचे तपशील दस्तऐवजाप्रमाणे प्रमाण मानता येत नाहीत. तथापि समाजाने आपल्या आदर्श पुरुषाच्या मुखी मद्यत्यागाचा उपदेश घातला, हे तथ्य स्वयंपूर्ण आहे. मद्याला मान देणाऱ्या समाजातच मद्याला नकार देणारा नैतिक मापदंडही होता, असे त्यातून दिसते. पुढे पोहरादेवीच्या गादीवरील रामराव महाराजांनी (निधन 2020) आजीवन ब्रह्मचर्य व साधी राहणी पाळून शिक्षण व व्यसनमुक्तीचा संदेश तांड्यांपर्यंत नेला.

तांड्याबाहेरील वऱ्हाडी समाजातही हाच प्रवाह दिसतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 मध्ये जन्मलेल्या डेबूजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबांचे वडील मद्याच्या आहारी जाऊन अकाली वारले आणि मुलाचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आजोळी गेले. पुढे स्वतःच्या कन्येच्या बारशाला जातीच्या प्रथेप्रमाणे मांस व मद्य न देता त्यांनी गोड जेवण दिले. हा प्रसंग अनेकदा केवळ चरित्रातील आख्यायिकेसारखा सांगितला जातो. पण त्याचे समाजशास्त्रीय मोल मोठे आहे. त्यांनी समारंभ नाकारला नाही, पंगत मोडली नाही, केवळ पंगतीतील पदार्थ बदलला. जातभाईंशी नाते टिकवून जातीची रीत बदलण्याचा हा मार्ग होता. 1905 मध्ये गृहत्याग केल्यानंतर कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेण्याची त्यांची पद्धतही याच जातीची होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरीभजन, सामुदायिक प्रार्थना आणि 1955 च्या 'ग्रामगीते'द्वारे हाच विचार गावाच्या संघटनेशी जोडला.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

राज्यसंस्थेने दारूबंदीचे प्रयत्न केले. मध्यप्रांत व वऱ्हाडात 1938 चा दारूबंदी कायदा झाला. मुंबई राज्यात 1949 चा कायदा आला. विदर्भात 1993 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात 2015 मध्ये लागू केलेली बंदी 2021 मध्ये उठविण्यात आली. मतदानाने गावातील दुकान बंद करण्याची, म्हणजे 'आडवी बाटली'ची तरतूद विशेषतः महिलांच्या हाती आलेले साधन ठरली. परंतु दुकान बंद झाल्याने लग्नातील, पंचांच्या बैठकीतील व पाहुणचारातील मद्याचा मान आपोआप संपत नाही. तो मान ज्यांनी दिला, त्यांनीच काढून घ्यावा लागतो.

उपचाराचा प्रश्नही वेगळा आहे. 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या 'मुक्तांगण' केंद्राने व्यसन हा आजार असून त्यात कुटुंबाचा सहभाग अपरिहार्य आहे, हा विचार महाराष्ट्रात रुजविला. तांड्यात मात्र कुटुंबाबरोबर नायक, पंच व भावकी यांनाही या प्रक्रियेत आणणे आवश्यक ठरते.

विवेचन

वरील इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, व्यसनविरोधी मूल्य समाजाबाहेरून आणावयाचे नसून ते परंपरेत उपलब्ध आहे. दुसरी, परंपरा एकजिनसी नसते. पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेत संतांच्या अहिंसेचा संदेश व बोकडबळीची प्रथा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. म्हणून 'सांस्कृतिक' कार्यक्रम म्हणजे परंपरेचा सरसकट गौरव नव्हे, तर तिच्यातील विवेकी धाग्याची निवड होय. तिसरी, स्त्रियांचा प्रश्न. मद्यपानाचा सर्वाधिक भार घरातील स्त्री सोसते; पण पंचांच्या बैठकीत तिला पारंपरिक स्थान नव्हते. तिला वगळून होणारा तांड्याचा ठराव अपुराच राहील. याशिवाय हंगामी स्थलांतरामुळे कुटुंबे काही महिने तांड्याच्या नियंत्रणाबाहेर राहतात. त्या काळात युवकांवर कोणाचा धाक व कोणाची माया असते, याचा विचार कार्यक्रमाच्या आखणीत व्हावयास हवा.

निष्कर्ष

तांड्यात मद्याला प्रतिष्ठा मिळाली ती समारंभ, पंच व पाहुणचार या संस्थांतून. ती ओसरावयाची तर त्याच संस्थांतून ओसरली पाहिजे. सेवालाल जयंती, बारसे, सोयरीक व तांड्याची बैठक ही व्यसनप्रतिबंधाची स्वाभाविक व्यासपीठे आहेत. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे तांड्यांत होतात. तेथे घोषणाफलकांपेक्षा वृद्धांकडून मौखिक इतिहास संकलित करण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास अभ्यास व प्रबोधन ही दोन्ही कामे साधतील. आपल्याच पूर्वजांनी मद्याला दिलेला नकार युवकास त्यांच्याच बोलीत ऐकावयास मिळाला, तर तो त्याला परक्याचा उपदेश वाटणार नाही. उपजीविकेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. तो न सोडविता केवळ संस्कारावर भार टाकणे हा इतिहासाचा अर्धाच बोध ठरेल.